जुन्या बागेसाठी भरीत-भोजन: निधी उभा करण्याची पूर्ण तयारी

खानदेशात जुन्या बागा अजून शिल्लक आहेत. कुठे गढीमागे चिंच-आंब्यांची राई आणि दगडी बारव, कुठे देवस्थानाच्या ताब्यातली विहीर-बाग, तर कुठे जुन्या कुटुंबाने शाळेला दिलेली झाडांची जागा. बहुतेक ठिकाणची अडचण सारखीच असते. झाडं आहेत, पाणी जेमतेम आहे आणि नियमित हात फिरवणारा माणूस नाही. दुसरीकडे शाळांना परसबाग करायची आहे, पण कलम बांधायला, गांडूळखत करायला शिकवणारं कुणी नाही. या दोन्ही गरजा एकाच जागी भागू शकतात. त्यासाठी वर्षातून एकदा लोकांना बागेत जेवायला बोलावून निधी गोळा करणं हा चांगला मार्ग आहे.

ही पद्धत जगभर चालते. इंग्लंडमध्ये १९२७पासून लोक आपल्या खासगी बागा लहानशा प्रवेशशुल्कात सर्वांना पाहायला खुल्या करतात आणि ते पैसे सेवाकार्याला देतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. परदेशातल्या मोठ्या बागा महागड्या तिकिटाचं रात्रीचं जेवण ठेवतात, त्याला ‘गाला’ म्हणतात. खानदेशाला त्यासाठी वेगळा थाट उसना आणायची गरज नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करायची रीत आपल्याकडे आहेच. तीच बागेत, हिशोबाने आणि तिकीट लावून करायची.

पहिल्यांदाच हे करणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. पैसा ताटातून येत नाही, नेमक्या मागणीतून येतो. आणि ज्या बागेसाठी हे सगळं चाललंय, तिचं त्या रात्री नुकसान झालं तर कितीही रक्कम जमली तरी कार्यक्रम फसला.

आधी गरजेची यादी

‘बागेच्या संवर्धनासाठी मदत करा’ असं म्हटलं की लोक पाचशे रुपये देतात आणि विसरतात. खर्चाच्या बाबी मोडून लिहा. मध्यम आकाराच्या बागेचं आणि पाच शाळांचं एक उदाहरण घेऊ. दर गावागणिक बदलतील, पण मांडणी अशीच ठेवा.

अर्धा दिवस येणाऱ्या माळ्याला महिना ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,०८,०००. जुनं ठिबक बदलायला ३५,०००. वाळलेल्या फांद्या उतरवणं आणि बारवेचा कठडा यांसाठी ५५,०००. एका शाळेच्या परसबागेला १५,०००: लहान टाकी आणि ठिबक ६,०००, खुरपी-कुदळी-झाऱ्या-सिकेटर (छाटणीची कात्री) ४,०००, बी-रोपं-खत २,०००, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि वर्षभराच्या भेटी ३,०००. पाच शाळांचे ७५,०००. एकूण २,७३,०००. एवढी रक्कम खर्च वजा जाता हातात यायला हवी.

माळ्याचा पगार यादीत सगळ्यात वर लिहा. देणगीदारांना कमान, फरशी, नावाची पाटी आवडते, आणि पगारासाठी पैसे मागायला समितीला संकोच वाटतो. पण मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा कमान झाड वाचवत नाही. ठिबकच्या तोट्यांत क्षार साचून पाणी थांबलंय, हे रोज बघणारा माणूसच झाड वाचवतो. हे देणगीदाराला असंच स्पष्ट सांगितलं तर त्याला पटतं.

कागदपत्रं: चार महिने आधी

कार्यक्रम जानेवारीत असेल तर गणपती उठले की कामाला लागा. पहिला प्रश्न असा, की पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर उत्तम. न्यास नसलेल्या मंडळाने किंवा ग्रामस्थांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी आधी रीतसर व्यवहार करावा लागतो. गणेश मंडळं दरवर्षी जी परवानगी काढतात तीच ही. कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यावरचा क्यूआर कोड छापून पैसे घेणं ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हेतू कितीही स्वच्छ असला तरी पुढे हिशोब देता येत नाही.

करसवलतीबद्दल थोडं बारकाईने. न्यासाला देणगी-सवलतीची (जुन्या कायद्यातली ८०जी) नोंदणी असेल तरच देणगीदाराला सवलत मिळते, आणि रोखीने दिलेल्या २,०००च्या वरच्या देणगीला ती मिळत नाही. वस्तूंच्या रूपातल्या देणगीलाही नाही. तिकिटाची पूर्ण रक्कम देणगी धरता येत नाही, कारण त्या बदल्यात माणूस जेवतो. म्हणून तिकिटावर दोन रकमा वेगळ्या छापा, भोजनखर्च आणि देणगी. पावती देताना पूर्ण नाव, पत्ता, पॅन घ्या. ‘एक हितचिंतक’ म्हणून पाकिटं स्वीकारत गेलात तर निनावी देणगीच्या कराचा प्रश्न उभा राहतो. नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६पासून लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पावतीपुस्तक छापण्याआधी मसुदा सीएला दाखवा.

गावचा मुलगा अमेरिकेत आहे, तो पैसे पाठवणार, हे प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर अडचण नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी न्यासाकडे एफसीआरए नोंदणी लागते. नसेल तर पैसे नम्रपणे नाकारा.

प्रायोजकाचं नाव कृतज्ञतेने फलकावर लिहिणं वेगळं आणि त्याच्या दुकानाची जाहिरात लावणं वेगळं. जाहिरात झाली की ती देणगी राहत नाही, जीएसटीचा विषय होतो. सोडतीची तिकिटं विकू नका, ती लॉटरीच्या कायद्यात येतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्या आणि रात्री १०नंतर तो बंद म्हणजे बंद.

वास्तू पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीत आहे का, हे महसुली कागदांवरून आणि विभागाकडून आधी तपासा. संरक्षित आवारात परवानगीशिवाय स्वयंपाक, मेजवानी, सभा यांपैकी काहीच करता येत नाही. परवानगी मिळाली नाही तर बाग फक्त दाखवायची आणि पंगत शेजारच्या शेतात बसवायची. कार्यक्रम त्यामुळे उणा होत नाही.

तारीख

भरताची वांगी खरी डिसेंबर ते फेब्रुवारीच. त्यातही पौष महिना धरा. पौषात लग्नतिथी जवळपास नसतात, त्यामुळे मंडपवाला, आचारी, भांडी, खुर्च्या सगळं मोकळं असतं आणि भावही नरम असतो. कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आलेला असतो. नोकरदार आणि व्यापारी ३१ मार्चच्या आत देणगीची पावती शोधत असतात, त्यांनाही जानेवारी सोयीचा. शुक्ल पक्षातला, पौर्णिमेजवळचा रविवार मिळाला तर बागेत दिवे निम्मे पुरतात.

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार असतो. धुळे-नंदुरबारकडचे लोक तिकडे असतात, तो आठवडा टाळा. शाळांची स्नेहसंमेलनं कधी आहेत ते मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर ज्या मुलांसाठी हे सगळं आहे तीच येणार नाहीत. आणि थंडी विसरू नका. जळगाव-धुळ्यात जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. कार्यक्रम दुपारी साडेचारला सुरू होऊन नऊच्या आत संपला पाहिजे. आठ वाजता जेवण सुरू करणारे आयोजक नऊ वाजता रिकाम्या खुर्च्या बघतात.

पैशाचं गणित

२०० ताटं धरू. त्यातली विकायची १६०. उरलेली ४० ताटं विद्यार्थी, शिक्षक, माळी आणि त्याचं कुटुंब, भाकरी करणाऱ्या बाया आणि राबणारे कार्यकर्ते यांची. ही ४० हिशोबात न धरल्यामुळे कित्येक कार्यक्रम तोट्यात जातात.

खर्च असा: जेवण २५० रुपये ताट दराने ५०,०००. मंडप, खुर्च्या, दिवे, जनरेटर ३५,०००. ध्वनी ८,०००. छपाई ५,०००. पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहं, सफाई १२,०००. परवानग्या, प्रथमोपचार, विमा ५,०००. बेरीज १,१५,०००, त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चाचे, म्हणजे एकूण १,२६,५००. ताटामागे खरा खर्च साधारण ६३० रुपये पडला. तिकीट १,००० ठेवलं तर त्यावर ६५० भोजनखर्च आणि ३५० देणगी असं छापा.

तिकिटांतून मिळाले १,६०,०००. खर्च जाऊन उरले ३३,५००. केवळ तिकिटावर भिस्त ठेवली तर चार महिन्यांच्या धावपळीचं फळ एवढंच. बाकीचं असं येतं: अकरा-अकरा हजार देणारे दहा आधारदाते १,१०,०००. दत्तक झाडं ३०, प्रत्येकी २,५०० दराने ७५,०००. लिलाव ६०,०००. आता एकूण ४,०५,००० झाले आणि हाती राहिले २,७८,५००. गरजेची यादी भागली. खर्च जमेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वाढू देऊ नका. वाढत असेल तर मंडप कमी करा, जेवण नाही.

दहा आधारदाते तिकीट छापण्याआधी ठरलेले हवेत. त्यांच्या पैशात खर्चाचा मोठा भाग निघाला की तिकीटविक्रीची धास्ती राहत नाही.

मागायचं कसं

जिल्ह्यातल्या मोठ्या माणसाकडे आधी जाऊ नका. ज्यांनी त्या बागेत लहानपणी चिंचा पाडल्या, ज्यांचे वडील त्या शाळेत शिकले, त्यांच्याकडे आधी जा. दोघांनी जायचं, त्यातला एक ओळखीचा. सोबत एका पानाचा कागद आणि झाडाचा फोटो. मागणी वस्तूची असावी, रक्कम तोंडाने सांगावी: ‘नाना, बारवेजवळच्या चिंचेचं वर्षाचं पाणी-खत तुमच्याकडे द्यायचं मनात आहे. अडीच हजार होतात.’ एवढं बोलून थांबायचं. समोरचा विचार करत असताना आपणच घाईने ‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की अडीच हजारांचे पाचशे होतात.

दत्तक झाडांची यादी करताना प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. जात, अंदाजे घेर, आत्ताची अवस्था लिहा. पाटी खोडाला ठोकू नका, जमिनीत लहान खांब रोवून लावा. खिळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते आणि तारेचा फास पुढे सालीत रुततो. आणि कराराची मुदत एक वर्ष, हे स्पष्ट लिहा. कायमचं दत्तक दिलं तर दुसऱ्या वर्षी त्या झाडासाठी मागायला जागा उरत नाही.

निमंत्रणपत्रिका साधी ठेवा. वर अहिराणीत ‘भरीत खावाले या’ एवढं मोठ्या अक्षरात आणि खाली पैसे कशाला लागणार त्या चार ओळी. मान्यवरांच्या नावांची उतरंड छापली की रुसवे-फुगवे सुरू होतात आणि बागेला जागाच उरत नाही.

बाग तयार करणं

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. आपली जमीन बहुतांश काळी. ओल्या काळ्या मातीवर दोनशे माणसं फिरली की ती दाबली जाते, मुळांची हवा बंद होते आणि वाळल्यावर भेगा पडतात. म्हणून जिथून लोक चालणार तिथलं पाणी किमान पाच-सहा दिवस आधी बंद करा. आदल्या संध्याकाळी धूळ बसण्यापुरताच झारीने शिडकावा. वाफ्यांचं पाणी मात्र तोडू नका, थंडीत ओल असलेली जमीन रोपांना सांभाळते.

मंडपाचे खुंट झाडाच्या फांद्यांच्या पसाऱ्याखाली ठोकू देऊ नका. मंडपवाल्याला मधल्या मोकळ्या जागेचा चुन्याने आखलेला चौकोन द्या आणि त्याच्याबाहेर पहार लागणार नाही असं आधीच ठरवा. ट्रॅक्टर, टँकर, पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर. खोडाजवळ एकदा ट्रॅक्टर फिरला तरी त्याचा परिणाम झाडावर वर्षभराने दिसतो, तेव्हा कुणाला कारण आठवत नाही.

जुन्या झाडांवर आणि गढीच्या भिंतींना आग्यामोहोळ असतं. महिनाभर आधी दिवसाउजेडी प्रत्येक उंच झाड आणि कमान खालून नीट बघा, दोन दिवस आधी पुन्हा बघा. भरताचा धूर, प्रखर दिवे, जनरेटरचा आवाज, फोटोग्राफरचा ड्रोन, यांतल्या कशानेही माश्या उठू शकतात, आणि आग्यामाश्यांचा हल्ला जीवघेणा असतो. मोहोळ जाळू नका. भट्टी आणि पंगत दूर, धूर मोहोळाकडे जाणार नाही अशा बाजूला न्या. बाग लहान असेल तर त्या वर्षी पंगत बाहेर बसवा. यात तडजोड नको.

बारव आणि विहीर यांच्याभोवती छातीइतकं उंच बांबूचं कुंपण, त्यावर दिवा आणि एक माणूस कायम. मुलं येणार आहेत. पायवाटेवर गुडघ्याइतक्या उंचीचे पिवळसर दिवे पुरतात. झाडांवर माळा चढवायची गरज नाही, रात्री तिथे पाखरं आणि वटवाघुळं असतात. रात्री दव पडतं, त्यामुळे विजेचे सगळे जोड जमिनीपासून वर, झाकलेले, आणि गळती झाली की प्रवाह तोडणारं ईएलसीबी बसवलेलं हवं. जाड भिंतींच्या आवारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. क्यूआर कोडने पैसे घ्यायचे तर त्या जागी उभं राहून आधी एक रुपया पाठवून बघा, आणि छापील क्रमांकांचं पावतीपुस्तक तरीही ठेवा.

भरीत

वांगी जळगावी भरताचीच: मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोद, असोदा भागातला माल सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याशी दोन आठवडे आधी बोलून आदल्या दिवशीची तोडणी ठरवा. भरीत हाच मुख्य पदार्थ असल्याने माणशी ३०० ते ३५० ग्रॅम कच्चं वांगं धरा, २०० जणांना ६० ते ७० किलो. भाजून, साल काढून, पाणी निथळून ते बरंच कमी होतं. आकाराच्या मानाने हलकं वांगं निवडा, त्यात बी कमी असतं. देठाजवळ किंवा अंगावर बारीक छिद्र दिसलं तर आत अळी आहे, बाजूला काढा. दर दहा किलोमागे एखादा किलो असा जाणार, तेवढं जास्त घ्या.

७० किलो वांग्यांना सोबत लागतं ते असं: हिरवी मिरची ३ किलो, लसूण २ किलो, शेंगदाणे ३ किलो, तेल ५ ते ६ लिटर, कांद्याची पात ८ किलो, कोथिंबीर २ किलो, खोबऱ्याचे काप दीड किलो. मिरची दोन भांड्यांत कमी-जास्त करा, कारण बाहेरगावचे पाहुणे आणि मुलं यांना आपलं तिखट सोसत नाही.

भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या. या जळणाशिवाय ती चव येत नाही, गॅसवर भाजलेल्या भरताला कुणी हजार रुपये देणार नाही. पण साठवलेल्या पऱ्हाट्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. बागेत आणलेलं सगळं जळण त्याच दिवशी संपवा, गंजी मागे ठेवू नका. भट्टी झाडांच्या पसाऱ्यापासून लांब, पडीक तुकड्यावर, खाली लोखंडी पत्रा टाकून लावा. थेट जमिनीवर जाळ केला तर वरच्या थरातली बारीक मुळं भाजतात. शेजारी २०० लिटरची पाण्याची टाकी आणि दोन बादल्या.

काड्यांच्या थरावर वांगी, वर पुन्हा काड्या, तीन-चार घाण्यांत भाजा. एका घाण्याला उलटसुलट करत पंधरा-वीस मिनिटं लागतात. देठाजवळ दाबून मऊ लागलं की झालं. घाईत तिथेच कच्चं राहतं आणि भरीत तुरट होतं. बोटं पाण्यात बुडवत साल काढा, पण वांगं पाण्याखाली धुऊ नका, धुराचा वास जातो. गरम असतानाच लाकडी भांड्यात मुसळाने ठेचा. मिरची-लसणाचा ठेचा, दाणे, खोबरं तेलात परतून वर घाला आणि पात शेवटी. तयार भरीत दोन तासांच्या आत पानात गेलं पाहिजे.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला साधारण एक भाग काळे उडीद आणि दळतानाच मीठ. २०० जणांना २५ किलो पीठ, शिवाय पुऱ्यांना १० किलो कणीक. ३०० ते ३५० भाकरी लागतात. सराईत बाई चुलीवर तासाला तीस-पस्तीस भाकरी करते, म्हणजे पाच-सहा बाया आणि दोन तास. हे काम बचत गटाला द्या आणि मजुरी पूर्ण द्या. निधीचा कार्यक्रम आहे म्हणून त्यांच्याकडून फुकट काम करून घेणं योग्य नाही. कच्चा मुळा, पातीचा कांदा, ताक आणि गोडाला काहीतरी एक. याहून यादी वाढवू नका.

पानं केळीची. रावेर-यावलकडून ट्रॅक्टरभर मिळतात, पण करप्यासाठी नुकतीच फवारणी झालेल्या बागेतली घेऊ नका. शेतकऱ्याला स्पष्ट विचारा आणि पानं दोन पाण्यांनी धुवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ४० जणांची टेबल-खुर्चीची सोय वेगळी ठेवा.

संध्याकाळचा क्रम

साडेचार ते सहा बागेत फेरी. पंधरा-पंधराचे गट, प्रत्येकासोबत दोन विद्यार्थी, चार थांबे. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून फेरी आधी. थांब्यांवर मुलांनी करून दाखवायचं, भाषण द्यायचं नाही. इथे एक चूक वारंवार होते, आंब्याचं कलम दाखवायला ठेवतात. आंब्याचं मृदकाष्ठ (कोवळ्या फुटीवर बांधायचं) कलम पावसाळी दमट हवेतलं काम आहे, जानेवारीत बांधलेलं बहुधा वाळतं आणि मुलं नाउमेद होतात. त्याऐवजी गुलाबाचा डोळा भरणं दाखवा, थंडी हा त्याचा खरा हंगाम. खुंटावर इंग्रजी ‘टी’ आकाराचा छेद, त्यात डोळा, वर पट्टी. पाहुण्यालाही एक भरू द्या, त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावा. तीन आठवड्यांनी फुटलेल्या डोळ्याचा फोटो त्याला पाठवता येतो. बाकी थांबे गांडूळखत, बियाणं आणि बारव. धुळ्याकडच्या पाहुण्यांना पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) ठाऊक असते, त्यांच्याशी पाणीवाटपाच्या गप्पा आपोआप रंगतात.

सव्वासहाला सगळे बसले की वीस मिनिटं. पाच मिनिटं माळ्याने किंवा शिक्षकाने बोलायचं, पाच मिनिटं दोन मुलांनी, मग यादी वाचून मागणी. सत्कार नाहीत. एक शाल सुरू झाली की वीस होतात आणि तास जातो. मागणी पंगतीच्या आधीच करायची, कारण पानावर बसलेला माणूस ऐकत नाही आणि जेवलेला थांबत नाही. आकडा वरून खाली पुकारा: आधी ‘एका शाळेची परसबाग, पंधरा हजार, कोण घेतंय?’, मग माळ्याचा महिना, मग झाडं. हात वर झाला की कार्यकर्त्याने तिथल्या तिथे नाव, फोन, रक्कम लिहून सही घ्यायची.

मग लिलाव, पंचवीस मिनिटं, सहा-सात वस्तू, त्याहून जास्त नको. बागेतला केळीचा घड, मुलांनी वाढवलेलं लिंबाचं कलम, पुढच्या हंगामात बागेत वीस जणांची भरीत पार्टी, शाळेच्या परसबागेतली पहिली तोडणी. पुकारायला बाजार समितीत हर्रास बोलणारा माणूस आणा. तो गर्दी हलवतो, आणि कुठे थांबायचं हेही त्यालाच कळतं. सव्वासातला पंगत.

दुसऱ्या दिवसापासून

रोकड त्याच रात्री दोघांनी मोजून, सह्या करून ठेवा आणि बँक उघडताच भरा. बागेचा आणि शिक्षणाचा निधी खतावणीत वेगळा ठेवा, शाळांसाठी दिलेला पैसा कठड्याला वापरू नका. तीन दिवसांत आभाराचा फोन, पंधरा दिवसांत शब्द दिलेल्यांची आठवण, महिन्याभरात एका पानावर पूर्ण हिशोब सगळ्यांना, खर्चासकट.

बागेत दाबल्या गेलेल्या वाटेवरची माती खोदकाट्याने हलकी करा, मग पाणी द्या. केळीची पानं आणि वांग्याची सालं कंपोस्टला जातील, पण मीठ-तेल-तिखट लागलेलं उष्टं गांडुळांना घालू नका. भट्टीची राख वाफ्यात पसरायचा मोह होतो, तो टाळा. आपल्या जमिनी आधीच विम्ल (अल्कधर्मी), राखेने सामू (पीएच) आणखी वाढतो आणि लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. थोडी कंपोस्टमध्ये मिसळा, उरलेली बागेबाहेर.

पुढच्या वर्षीची वांगी शाळांच्या परसबागेत पिकवता आली तर खर्चही वाचतो आणि मुलांच्या हातचं पीक पानात पडतं. त्यासाठी जुलैत गादीवाफ्यावर रोप टाका आणि ऑगस्टमध्ये दोन्हीकडून ९० सेंटिमीटरवर लावा. एका तोडणीत झाडाला दोन-तीन चांगली फळं धरली तर ७० किलोला साधारण शंभर झाडं लागतात, म्हणजे एक गुंठाही पुरतो. ही झाडं पाच शाळांत वीस-वीस वाटून द्या. एका ठिकाणी अळी पडली तरी बाकीची वाचतात.